परिच्छेद ४१ मधली नर्स

३ मार्च, बिशान, सिंगापूर
काल सेशन संपवून लेकीकडे आले. पाच वर्षं हेच. आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कोर्ट भरलं की न्यायाधीश म्हणून तिकडे, मधले आठवडे इथे गौरीच्या फ्लॅटमध्ये. निकाल परवा जाहीर झाला. तुरुंगात मेलेल्या मुलाच्या आईच्या बाजूने, सात विरुद्ध दोन. त्याआधी हायकोर्टात इतकी वर्षं काढली, पण इतकं समाधान क्वचितच.

११ मार्च
सकाळी रजिस्ट्रारचा फोन. तुरुंगाच्या दवाखान्यातली नर्स, या खटल्यातली मुख्य साक्षीदार, पाच दिवसांपासून बेपत्ता. पडद्याआडून साक्ष दिली होती. निकालात नाव नाही.
"मग ओळखली कशी?"
"परिच्छेद ४१, मॅडम."
तो मी लिहिलाय. 'त्या दिवशी दुपारपाळीला असलेल्या नर्सने मुलाच्या जखमा स्वतः धुतल्या.' दुपारपाळीला तिथे एकच नर्स असते. किती असतात, हे मी विचारलंच नव्हतं.

१२ मार्च
मसुद्याच्या वेळी शेजारचे वयस्कर न्यायाधीश म्हणाले होते, "पाळी काढा. नुसतं 'एक कर्मचारी' म्हणा." मी म्हटलं, मग साक्षीला वजन राहत नाही. तेव्हा मतं पाच-चार होती. त्या ओळीनंतर दोघं आमच्याकडे आले. खूश होते मी त्या ओळीवर.

१५ मार्च
कोर्टाच्या अध्यक्षांशी बोलले. तिच्या संरक्षणाचा आदेश काढलाय, तिच्या देशाचं सरकार उत्तर देत नाही. शेवटी म्हणाले, "कुठली ओळ कुणाची, हे बाहेर जायचं नाही. शपथ आहे." नव्या न्यायाधीशांना हेच मी सांगत आले.
जेवताना नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, यू नॉट ईटिंग लाह." ताट तसंच उचललं.

१९ मार्च
विद्यापीठात व्याख्यान, आधीच कबूल केलेलं. कसंबसं उरकलं. दाराशी एक बाई थांबलेली, पस्तिशीची. नाव लीना. इथेच बुकित बातोक भागात एका आजारी म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. "तुमच्या निकालातली नर्स माझी बहीण." नियमाप्रमाणे तिथूनच निघायला हवं होतं. मी थांबले.
"ती कोण, हे तिला उचलणाऱ्यांना कुणी सांगितलं?"
"चौकशी चालू आहे."
सरकारी वकिलांच्या तोंडून हे वाक्य जन्मभर ऐकलं. आज माझ्या तोंडून. नंबर घेतला तिचा.

२१ मार्च
गौरीला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, तिला उचलणारे वेगळेच आहेत. तू नाहीस."
"त्यांना पत्ता मी दिला."
"तू बोललीस तर निकाल उलटवायला तिथल्या सरकारला आयतं निमित्त मिळेल. मग त्या मुलाच्या आईने काय करायचं?"
बरोबर आहे तिचं. निकालानंतर त्या आईने पहिल्यांदा मुलाचा फोटो भिंतीवर लावला, असं कळलं होतं.

२३ मार्च, रविवार
लीनाची सुट्टी. बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, भेटलो. चहा आणला, दोघींनीही घेतला नाही. सांगून टाकलं. ती ओळ माझी आहे, मला सावध केलं होतं, मी ऐकलं नाही.
तिने कप बाजूला सारला.
"ती ओळ नसती तर निकाल असाच लागला असता?"
"लागला असता. पण काठावर."
"तिला विचारलं होतं? चालेल का म्हणून?"
"नाही."
"ती हो म्हणाली असती," लीना म्हणाली. "तशीच आहे ती. पण विचारायचं तरी."
पिशवी उचलून स्टेशनकडे गेली. मी हाक मारली नाही.

२६ मार्च
अध्यक्षांना पत्र पाठवलं. शपथ मोडली, कुणापुढे ते लिहिलं. राजीनामा सोबत जोडलाय. घ्यायचा की चौकशी करायची, ते त्यांनी ठरवावं. निकालाला मात्र धक्का लागू देऊ नका, एवढीच विनंती. असं मागायचा हक्क मला आता आहे का, माहीत नाही. अजून उत्तर नाही.
दुपारी लीनाचा मेसेज. बहिणीचा फोन इतके दिवस बंद होता. आज वाजला. कुणी उचलला नाही.