मागच्या आसनाचे वजन

धरमपेठ, नागपूर
१४ नोव्हेंबर १९७६

प्रिय शामला,

काटोलची संत्री आणि तुझ्या भावाची, भैय्याजींची, करडी देखरेख यांनी मिळून तुझ्या विषमज्वराचे उरलेसुरले अवशेष एव्हाना निर्मूल केले असतील, अशी आशा करतो. येथे मी सुखरूप आहे, असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु असत्य कशाला लिहू? मला उबग आला आहे. मनुष्यजातीचा, बाजारपेठेचा आणि विशेषेकरून ‘आघातशोषक’ या पदार्थाचा. मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना द्वारपालांसारख्या उभ्या असणाऱ्या स्प्रिंगांच्या ज्या दोन नळ्यांना तुझे माहेर आणि उर्वरित भारतवर्ष ‘शॉकअप’ म्हणते, त्यांच्या शोधात माझा महिना गेला.

डिसेंबरात आपल्या बुलेटवरून पचमढीला जायचे, हे तू आजारी पडण्यापूर्वीच ठरलेले आहे आणि माझ्यापुरते ते अद्याप ठरलेलेच आहे. गेल्या खेपेस तामियाच्या घाटात जुन्या नळ्यांनी प्राण सोडला आणि त्यांतील तेल तुझ्या नव्या लुगड्याच्या काठाने प्राशन केले, हे तुला स्मरत असेलच. तू मागून विचारलेस, “अहो, पचमढी आली, का माह्या मणक्यानं इथंच मुक्काम टाकला?” मी धैर्याची महती सांगणारे एक सुभाषित म्हटले. त्यावर तू म्हणालीस, “ते सुभाषित सीटखाली घालता येते काय पाहा.” संस्कृत वाङ्मयाची इतकी परखड समीक्षा आमच्या विभागात आजवर कोणी केलेली नाही.

असो. कंपनीच्या अस्सल नळ्या मिळण्यास पुढचा जन्म उजाडेल असे कळल्यावर मी बाजारू नळ्यांकडे वळलो आणि अधःपाताच्या पायऱ्या उतरू लागलो. पहिली जोडी इतकी चकचकीत की तीत पाहून दाढी करावी. दुसऱ्याच दिवशी तिने अंगणात काळा, चिकट, खवट शेंगदाण्यासारखा दर्प असलेला एक द्रव सोडला. पाहून मला शिसारी आली आणि शेजारच्या पार्वतीबाईंच्या मांजराला उलटी. दुसरी जोडी मंत्र्यापुढे कंत्राटदार वाकतो तशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिसऱ्या जोडीचे उदर विदारण केले असता आत तेलाचा थेंब नाही. जुन्या टायरचे तुकडे! जाब विचारला तर विक्रेता म्हणतो, “हेच तं नवीन निघालं ना सर, रबरी शॉकअप!” या प्रजेला मी इतकी वर्षे भवभूतीऐवजी लज्जा हा एकच विषय शिकवायला हवा होता.

अखेरीस सदर बाजारात ताराचंदच्या दुकानात गेलो. हा गृहस्थ पान चघळताना बोलतो आणि बोलताना पान चघळतो. त्यामुळे त्याचे प्रत्येक मत रंगीत असते आणि श्रोत्याच्या सदऱ्यावर त्याची नोंद राहते. तथापि त्याच्याजवळची जोडी सच्ची निघाली. नळीच्या तळाशी एक कडे आणि कड्याला तीन खाचा. आकड्याच्या पान्याने कडे फिरवले की स्प्रिंग हलक्या, मध्यम वा जड माणसाजोगी होते. “मागं कोण बसून राहिलं, त्याच्यावर हाय सर सारं,” असे सांगून त्याने भर दुकानात, चार अपरिचित गिऱ्हाइकांच्या समक्ष, मला प्रश्न केला, “वहिनी किती किलोच्या हाय?”

मी उत्तरलो की कुलस्त्रियांचे वजन हा चव्हाट्यावर चर्चेचा विषय नव्हे. तेथे गणपतराव होताच. माझ्या प्रत्येक खरेदीला आमंत्रणावाचून उपस्थित राहणे हे त्याने मैत्रीचे आद्य कर्तव्य मानले आहे. तो गरजला, “लाजून काहून राहिला गा वामन्या? लग्नाले वीस वर्षं झाली, अजून बायको तोलून नाही पाहिली?” दुकान हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचीही मला किळस आली.

वाद मिटावा म्हणून प्रयोग ठरला. जड खाच लावून गणपतरावाला मागे स्थापन केले आणि काटोल नाक्याकडे, जिथे नळ टाकण्यासाठी रस्ता उकरून ठेवला आहे, तिकडे गाडी नेली. गाडी राजहत्तीसारखी डुलत गेली. गणपतरावाने समाधानाप्रीत्यर्थ माझ्या मानेवर दोन ढेकर दिले, मुळ्याचे. परत येऊन त्याच खाचेवर आमच्या महाविद्यालयाचा शिपाई धोंडबा याला बसवले. धोंडबाची देहयष्टी तू पाहिलीच आहेस. तो उन्हात उभा राहिला तर सावलीला विचार करावा लागतो. पहिल्या खड्ड्यात तो आसनापासून विभक्त झाला, दुसऱ्यात माझ्या खांद्यावर अवतरला, आणि तिसऱ्याच्या अलीकडेच म्हणाला, “सर, मले उतरवा, मी पायी येतो.” नियम सिद्ध झाला. मागचा माणूस हलका असेल तर जड खाच त्याला टिकू देत नाही. “म्हणून तं वजन विचारून राहिलो ना,” ताराचंद म्हणाला. “हलकं माणूस असन तं खाच खाली घेतो.”

मी म्हणालो, सत्तावन्न.

रेल्वे स्थानकावरच्या वजनयंत्रात नाणे टाकल्यावर गेल्या वर्षी तुझे जे तिकीट बाहेर पडले, त्यावरचा हा आकडा. भैय्याजींच्या जीपमध्ये तुला उचलून ठेवले, तेव्हा माझ्या हातांना जे कळले, ते मी ताराचंदला सांगितले नाही. सत्तावन्नाच्या हिशेबाने त्याने जड खाचच कायम ठेवली.

तेव्हापासून मी एकटाच फिरतो आहे आणि मागचे आसन रिकामे आहे. परिणामी ही गाडी प्रत्येक खड्ड्यावर मला उधळून लावते. लक्ष्मीभुवनच्या चौकात माझा चष्मा नाकावरून उडाला आणि एका निरपराध भाजीवालीच्या मेथीत विसावला. विद्यार्थी सज्ज्यातून पाहतात. ताराचंद भेटला की रंगीत कळवळा व्यक्त करतो, “सर, एकटे हिंडता तं खाच खाली घेऊन टाका, पाठ मोडन.” गणपतरावाने तर माझ्या नकळत पाना आणून कडे फिरवायला घेतले, मी त्याच्यावर खेकसलो. तो तीन दिवस बोलला नाही. हा या महिन्यातील एकमेव लाभ.

आणि परवा तुझे पत्र आले. तू लिहितेस, “गाडी विकून टाका. आता मागे बसणे माझ्याने व्हायचे नाही. तुम्ही उगीच माझी वाट पाहू नये.” या महिन्यात मी बरेच ओंगळ पाहिले, शामला, परंतु या तीन वाक्यांइतके असह्य मला काहीच झाले नाही. ही तीन वाक्ये तुझी नव्हेत, तापाची आहेत, आणि तापाशी मी पत्रव्यवहार करीत नाही. गाडी विकणार नाही. डिसेंबर साधला नाही तर मार्च. मार्च नाही तर पुढचा डिसेंबर. पथ्याचे पाणचट वरण पुरे झाले असे डॉक्टर म्हणाले आहेत, मी स्वतः विचारून आलो. भात खा, त्यावर तूप घे, भैय्याजींच्या म्हशीला माझा नमस्कार सांग. खाच मी खाली घेणार नाही. हलक्या बाईसाठी गाडी लावण्याची कला मला शिकायचीच नाही. तू त्या खाचेजोगी होऊन मागे बसेपर्यंत मी असाच आदळत, आपटत कॉलेजला जाईन. फक्त माझी पाठही आता पन्नाशीची आहे, तेव्हा जेवताना थोडी घाई कर.

तुझाच,
वामन