‘खडीच्या रस्त्यावरची हुडहुडी’ कुणी गायली

हिकरी बेंड, आर्कान्सा
सप्टेंबर १९८६, रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय व्हर्डेलताई,

इमोजीनच्या हातचं पोटभर जेवून, पट्टा एक भोक सैल करून आणि देवाचं नाव घेऊन हे पत्र लिहायला बसलो आहे. इकडे सगळं ठीक. पायाच्या अंगठ्याचा ठणका सोडला तर प्रकृतीबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही (केली तरी इमोजीन ऐकत नाही). तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? फ्लिंटच्या त्या कारखान्यात मोटारींच्या सीटा अजून उभ्यानंच शिवाव्या लागतात, की आता तरी बूड टेकायला एखादं स्टूल दिलंय? बाबांना पुरून आलो त्या दिवसानंतर आपण बोललेलो नाही, त्याला सहा वर्षं झाली; आणि त्या दिवशीही बोललो ते बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी जास्त झाली एवढंच. मी पत्र लिहीत नाही म्हणून तू रागावली असशील. पण रागावायला त्याहून मोठं कारण तुझ्याजवळ आहे आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. तेव्हा बसून वाच.

‘खडीच्या रस्त्यावरची हुडहुडी’ हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण खरं काय ते एकदा तरी माझ्या हातानं कागदावर उतरलं पाहिजे असा इमोजीनचा हुकूम आहे. सत्तावन्न सालचा जून. गार्व्हिनच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत गाणं तबकडीवर भरायला मी गिटार घेऊन उभा, वय सतरा, केसांना बाबांच्या घोड्याच्या खोगिराचं तेल. गार्व्हिननं बोट वर केलं आणि माझी दातखीळ बसली. तीनदा बोट वर झालं, तीनदा माझ्या तोंडातून निघाली ती फक्त उचकी. तू आपली मला ट्रकमधून सोडायला आलेली, बाहेर उकडलेले शेंगदाणे खात बसली होतीस. चौथ्या खेपेला तू आत आलीस, मला कोपरानं बाजूला सारलंस, सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पालथं घालून त्यावर चढलीस आणि असं काही गायलीस की गार्व्हिनचा कुत्रा टेबलाखाली शिरला तो संध्याकाळीच बाहेर आला. मुलीचं नाव छापलं असतं तर बाबांनी (ते दर रविवारी व्यासपीठावरून नाचगाण्याला सैतानाचं कुरण म्हणत) तुला घराबाहेर काढलं असतं. म्हणून तबकडीवर ‘ऑर्व्हल टॅकेट’ छापूया, वर्षभरात दुरुस्त करू, असं मी म्हणालो. ते वर्ष एकोणतीस वर्षं चाललंय.

तीनशे तबकड्या निघाल्या. एका रेडिओवाल्यानं ते गाणं दोन आठवडे लावलं आणि मग त्याला देवाची भीती वाटली. उरलेल्या दोनशे चाळीस बाबांच्या हाती लागल्या. त्यांनी प्रत्येकीला खिळ्यानं भोक पाडून वाटाण्याच्या शेतात कावळे हाकायला टांगल्या. (कावळे घाबरले नाहीत. माझ्या मते ऐकत बसायचे.) पण त्या दोन आठवड्यांत एका मुलीनं ते गाणं ऐकलं होतं. साठ साली तिनं मला विचारलं, “तो ऑर्व्हल टॅकेट तूच का?” ती इमोजीन. आता तूच सांग, निळ्या झग्यातल्या मुलीला त्या वेळी मी काय उत्तर द्यायला हवं होतं? नाव तर माझंच होतं! लग्नानंतर ती म्हणायची, एकदा गा ना. मी म्हणायचो, बाप्तिस्मा घेतल्यापासून तो आवाज देवाला वाहिला. या उत्तरावर मी सव्वीस वर्षं संसार केला.

तर गेल्या वसंतात मी कापसाच्या जिनमध्ये वजनकाट्यावर बसलो असताना एक सहा फुटी माणूस दारात आला. पन्नाशीचा, पण केसांचा पुढे कोंबड्याचा तुरा, मागे बदकाची शेपटी. नाव वाउटर, गाव हॉलंडमध्ये कुठेतरी. माझ्याकडे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कापसाची धूळ गेली असेल. “टॅकेट साहेब,” तो म्हणाला, “आम्ही समजत होतो, तुम्ही वारलात.” तेव्हा मला कळलं की तिकडे आपल्या गाण्याचं एक मंडळ आहे. त्याचे दीडशे सभासद आहेत, वार्षिक जेवण आहे, त्रैमासिक आहे, आणि मंडळात फूटसुद्धा पडलेली आहे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘ठप्प’ असा आवाज येतो ना? एका गटाच्या मते तो ढोल, दुसऱ्याच्या मते मी आवेशात दाराला मारलेली लाथ. या भांडणापायी दोन सख्खे साडू एकमेकांच्या घरी जात नाहीत. (तो आवाज म्हणजे मी चुकीचा सूर दाबला म्हणून तू माझ्या मानेवर ठेवून दिलेली चापट, हे तुला आठवत असेलच. माझ्या मानेला आठवतं.) मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं माझा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. ताई, माझ्या हाताचं चुंबन त्यापूर्वी फक्त वासरानं घेतलं होतं. मी तोंड मिटलं.

ऑगस्टमध्ये अख्खी बस आली. एकतीस माणसं, ऑगस्टात, कातडी जाकिटं घालून! पहिल्या तासात डोक्यांवरचे तुरे वितळून कॉलरीत उतरले. इमोजीननं मांगूर तळले, कॉर्नब्रेड केला, बर्फ घालून चहाच्या बादल्या भरल्या; पण जेवायला कोण थांबतंय? मी बोलता बोलता वाटाण्याच्या शेताचं सांगून बसलो होतो. सगळे खुरपी घेऊन तिकडे. दुपारपर्यंत तबकडीचे सात तुकडे सापडले. खिळ्याचं भोक असलेला तुकडा जिला मिळाला ती बाई बांधावर बसून रडली, आणि बाकीचे टोप्या काढून तिच्याभोवती उभे राहिले. बाबांच्या अंत्यविधीला एवढी शांतता नव्हती.

शनिवारी दुपारी जिनच्या माल चढवायच्या धक्क्यावर माझं गाणं ठरलं होतं. अर्धं गाव खुर्च्या घेऊन आलं. पुढच्या रांगेत इमोजीन, अंगात तोच निळा झगा. तो तिनं शिवण उसवून वाढवला होता. मी गिटार घेतली. एकतीस माणसांनी श्वास रोखला. आणि माझी पुन्हा दातखीळ बसली, पुन्हा उचकी! ती ऐकून सगळे हर्षानं ओरडले, कारण त्यांच्या त्रैमासिकात त्या उचकीवर अकरा पानं आहेत. (गार्व्हिननं माझी तिसरी उचकी गाण्याच्या सुरुवातीला तशीच ठेवली होती. त्या तबकडीवर गळ्यातून आलेलं माझं तेवढंच.) त्या टाळ्या ऐकून मला एकदम इतकी लाज वाटली की तोंड आपोआप मोकळं झालं. मी म्हणालो, “लोकहो, हे गाणं मी गायलेलं नाही. माझ्या बहिणीनं गायलंय. व्हर्डेलनं. मी नुसती उचकी दिली.”

मग वाउटर उठला, सद्गदित होऊन म्हणाला, “पाहा! केवढा हा विनय!” आणि टाळ्या दुप्पट झाल्या. मी ओरडून सांगतोय, अहो, खरंच ती होती, खोक्यावर उभी होती, तो ठप्प म्हणजे मला बसलेली चापट! त्यांच्यातला चष्मेवाला जाणकार समजुतीच्या सुरात म्हणाला, “साहेब, तो आवाज पुरुषाचा आहे. मी यावर पुस्तिका लिहिली आहे. इतक्या वर्षांनी आठवणी गडबडतात.” म्हणजे मी खोटं वागलो तेव्हा जगानं मान दिला, आणि खरं बोललो तेव्हा तो भ्रम ठरला.

पण मला भीती एकतीस माणसांची नव्हती, एकीची होती. घरी येताना गाडी इमोजीन चालवत होती. पूल ओलांडल्यावर मी म्हणालो, “इमोजीन, तुला फसवलं मी.”

“कसलं फसवलंस, कपाळ! सव्वीस वर्षं चर्चमध्ये तुझ्या शेजारी उभी राहून भजनं म्हणतेय. पहिल्याच रविवारी कळलं होतं मला. गाय अडली तरी याहून बरी ओरडते.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, सांगेल कधीतरी आपणहून. पण ते गाणं व्हर्डेलचं होतं हे आज कळतंय.” मग तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि माझ्याकडे वळली. “माझ्याशी खोटं बोललास ते मी केव्हाच पचवलं. पण बापाला पुरलं त्याला सहा वर्षं झाली, ऑर्व्हल. आता कुणाला भीत होतास?”

ताई, याचं उत्तर तुलाच देतो. सतरा वर्षांचा होतो तेव्हा बाबांना भ्यालो. नंतर भ्यायचं काही उरलं नाही, तरी तुझं नाव माझ्या खिशातच राहिलं, कारण तिथं ते उबदार वाटत होतं. तू फ्लिंटला गेलीस, शिवणयंत्रांच्या खडखडाटात आयुष्य काढलंस, आणि इकडे मी गावच्या न्हाव्याकडे ‘एकेकाळी गाणारा’ म्हणून आधी नंबर लावून घेत राहिलो. माफ कर म्हणायला कसंतरीच होतं, पण म्हणतो. माफ कर. भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्यांना कापूर चोळत जा.

तुझा धाकटा,
ऑर्व्हल

ता. क. : सोबत एक कोरी कॅसेट पाठवत आहे. खरं तर पत्राचं कारण हेच. मंडळवाले म्हणतात, बहिणीचा आवाज ऐकवा, मग आम्ही समिती नेमून तपासू. तेव्हा एकदा ते गाणं म्हणून पाठवशील का? ठप्पसाठी भाओजींची मान वापरावी.

ता. क. २ : वरचं इमोजीननं वाचलं. ती म्हणते, “जिनं गायलं तिनंच परीक्षा द्यायची का? काढ ती कॅसेट पाकिटातून.” काढली आहे. गाऊ नकोस. नुसती ये. ऑक्टोबरात कापूस उतरला की मला सुट्टी आहे. बसस्थानकावर मी येईन.

ता. क. ३ : मंडळानं परवा एक काळा दगड पाठवला, जिनच्या भिंतीत बसवायला. माझं बोलणं त्यांच्या कानात शिरण्याआधीच तो कोरून झाला होता म्हणे. त्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव आहे. तो इमोजीननं मागच्या दाराशी पायरी म्हणून टाकला आहे, अक्षरं वर करून. चिखल फार छान निघतो. येशील तेव्हा पाय पुसूनच आत ये.