त्या दिवशी वाढलं कोणी?

प्रिय माय,

तुला पत्र लिहायचं म्हणजे मोठ्यानं वाचत लिहायला हवं. तुला अक्षर कुठं कळत होतं! म्हणून दाराला आतून कडी घातलीय आणि एकेक ओळ लिहून तुला वाचून दाखवतेय. शेजारीण ऐकेल तर म्हणेल, कुसुम एकटीच बडबडून राहिली. म्हणू दे.

आज शनिवार. दुपारी खिळ्यावरचा शास्त्रपाठांचा तक्ता काढला, कोणत्या रविवारी बायबलातलं काय वाचायचं तो, उद्याच्या रविवारवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. मार्था आणि मरीया. तीन वर्षांनी तो पाठ फिरून आला, माय! तक्ता मांडीवर घेऊन मी भिंतीला टेकले. झोप म्हणावी तर डोळे उघडे होते. दोन सरींच्या मधलं मऊ ऊन उंबऱ्यावर पडलं होतं आणि तिथं तू बसली होतीस. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. एक खडा उचलून अंगणात टाकलास, हात थांबवलास आणि म्हणालीस, "लिव."

मी दचकून पेन शोधायला लागले. पेन सापडलं तेव्हा उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं.

म्हणून लिहितेय. तू विचारलेला एक प्रश्न माझ्याकडे राहिलाय, आणि तो कुठं गेला ते तुला कधीच सांगितलं नाही.

तुला आठवतं, आपल्या घरच्या प्रार्थनेच्या संगतीत आधी कशी शांतता असायची? रविवारी दुपारी पांढुर्ण्यातली आपली पाच घरं आपल्या बैठकीत जमायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलेल्या छापील पुस्तिकेतून मी प्रश्न वाचायचे, 'या उताऱ्यातून आपणांस कोणता बोध होतो?' सगळे सतरंजीकडे बघायचे. मग रेल्वेतून रिटायर झालेले जोसेफकाका घसा खाकरून म्हणायचे, "प्रेम करावं." पुढच्या रविवारी प्रश्न वेगळा, उत्तर तेच. वर्षभर आम्ही प्रेमच करत होतो, दुसरं काही सुचतच नव्हतं.

आणि मग एका शनिवारी ती पुस्तिका हरवली. मी तुला पाठ वाचून दाखवत होते, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या त्या शोमरोनी बाईचा. तू डाळ निवडता निवडता थांबलीस. "तिनं घागर तिथीच टाकली न् गावात पळाली म्हन्तेस. मंग घरी पानी कोनं नेलं?"

"माय, असं नसतं विचारायचं," मी म्हटलं.

"काऊन? तिच्या घरी तहान नोती लागत का कोनाले?"

पुस्तिका नव्हतीच, म्हणून मी तेच लिहिलं. कार्बन घालून पाच चिठ्ठ्या केल्या, घराघरांत दिल्या. त्या रविवारी काय गलका झाला! बायका पदर तोंडाला लावायचं विसरून बोलत होत्या. कोणी म्हणालं, सासूनं नेलं असेल. कोणी म्हणालं, त्या दिवशी घर तहानलेलंच राहिलं असेल. जोसेफकाका तर 'प्रेम करावं' म्हणायचं विसरलेच.

तेव्हापासून शनिवारची दुपार म्हणजे मी, तू आणि कार्बन पेपर. मी वाचायची, तू हातातलं काम करत ऐकायचीस, आणि 'लिव' म्हणालीस की मी लिहायची. चिठ्ठीवर पहिले दोन प्रश्न माझे, तिसरा तुझा. रानात पाच हजार माणसं जेवली तो पाठ आला तेव्हा तू संत्र्यांच्या पेट्या भरून दमून आली होतीस, हातांना सालींचा वास होता. "बारा टोपल्या उरल्या म्हन्ते. रानात रिकाम्या टोपल्या कोनाच्या होत्या वं?" जोसेफकाका आठवडाभर त्या टोपल्या शोधत होते! पुढच्या रविवारी आले आणि म्हणाले, "बायाईनं आनल्या असतीन. मानसं काई रिकामी टोपली घेऊन नाई निघत."

नियमही तूच घातले. उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही, आठवडाभर सोबत वागवायचं आणि पुढच्या रविवारी सांगायचं. आणि ज्यानं प्रश्न विचारला त्यानं उत्तर द्यायचं नाही. मी कितीदा विचारलं, माय, तुला काय वाटतं ते तरी सांग? तू हसायचीस. "मले ठावं असतं तं विचारलं असतं का?"

खरं सांगू? तू असं विचारायचीस म्हणून शास्त्रातली ती गावं मला आपली वाटायची. यार्देन म्हणजे आपली जाम नदी. मार्था-मरीयेचं बेथानी म्हणजे पलीकडचं सावरगाव. आजही डोळे मिटले की पूल ओलांडून प्रभू येताना दिसतात, पायाला काळी माती लागलेली, आणि मार्था चुलीपाशी भाकरी थापताना दिसते. तिचा चेहरा मात्र माझाच असतो.

आता विमलचं बोलते. इतका वेळ टाळलं, तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते, विमल सातवीत. मी शाळा सोडली, शिलाई मशीन धरली, घर धरलं. विमल शिकली, नर्स झाली, सौंसरच्या दवाखान्यात लागली. मला राग नव्हता त्याचा, खरंच नव्हता. राग यायचा तो ती सुट्टीत घरी आल्यावर. यायची, चपला काढायची आणि थेट तुझ्याजवळ बसायची. तू तिचा हात हातात घ्यायचीस, दवाखान्यातल्या गोष्टी ऐकायचीस, आणि तुझा चेहरा असा उजळायचा की मी आत भांडी जोरात ठेवायचे. ऐकू येत होतं ना तुला? मुद्दाम ठेवायचे.

तिनं कधी उठून काही करायचं म्हटलं की मी म्हणायचे, राहू दे, तुला जमत नाही. एकदा तिनं वरण केलं, मीठ विसरली. ते वरण मी किती वर्षं पुरवलं, माय! येईल त्या पाहुण्याला सांगायचे. तीही हसायची आधी. पुढं पुढं हसेनाशी झाली. आणि एका नाताळात मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "तू तं नुसती बसाले येतं इथं."

त्यानंतर तिचं येणं कमी झालं.  पण तीन वर्षांपूर्वी हा पाठ आला तेव्हा तू विमलला निरोप धाडून मुद्दाम रविवारी बोलावून घेतलंस. शनिवारी मी वाचायला बसले. पाहुणे घरी आलेत, मोठी बहीण रांधतेय, धाकटी प्रभूच्या पायाशी बसून ऐकतेय, आणि मोठी येऊन गाऱ्हाणं करते की हिला मला मदत करायला सांगा. प्रभू म्हणतात, मरीयेनं चांगला वाटा निवडलाय, तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. तू डाळ निवडत होतीस. हात थांबला.

"लिव. प्रभू बोलले, मार्थीनं आयकलं. सारं खरं. पन त्या दिवशी जेवन शेवटी वाढलं कोनं?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, डाळीकडे बघत होतीस. पण मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. वाटलं, मायनं विमलची बाजू घेतली, आणि आता पाच घरांसमोर माझं माप काढणार.

मी मान हलवली, लिहिल्यासारखं केलं. चिठ्ठ्यांवर मात्र तुझ्या प्रश्नाच्या जागी दुसरंच लिहिलं. 'सेवा व चिंतन यांतील फरक स्पष्ट करा.' हे मी केलं, माय. तुला वाचता येत नव्हतं म्हणून करू शकले.

रविवारी तू कोपऱ्यात बसली होतीस, विमल शेजारी. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. तिसरा वाचला तेव्हा तू मान वर केलीस. वाट बघत राहिलीस, आणखी एक असेल म्हणून. मी चिठ्ठीची घडी घातली.  सगळे गेल्यावर एवढंच विचारलंस, "कागद पुरला नाई का वं?"

मी म्हटलं, "नाई पुरला."

ती घडी अजून माझ्या शिलाईच्या दोऱ्यांच्या पेटीत तशीच आहे.   

तुझे शेवटचे आठ दिवस. विमल रजा टाकून आली. तिचं तर कामच ते, रोज परक्यांचं करते. खाटेच्या कडेला उभी राहून म्हणाली, "ताई, मायचं आंग पुसू दे मले." मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. म्हटलं, "तू बस. मी करून राहिली ना." ती बसली. हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखी. तू आम्हां दोघींकडे बघितलंस, ओठ हलवलेस आणि म्हणालीस, "लिव."

विमलनं विचारलं, माय काय म्हणून राहिली? मी म्हटलं, भ्रम झालाय तिला. माय, भ्रम नव्हता. मला ठाऊक होतं कोणता प्रश्न ते. आणि तरी मी उठून ताटल्या आवरायला गेले.

मातीच्या दुसऱ्या दिवशी विमल गेली. मी तिला बसपर्यंत पोचवायलाही गेले नाही. दीड वर्ष झालं. दोन पत्रं आली तिची, मी उत्तर नाही दिलं.

मला तोंडावर का नाही बोललीस ग, माय? हात धरून दोन शब्द सुनावायचे होतेस! प्रश्न टाकून निघून जायची ही कुठली रीत! रागावले होते तुझ्यावर, आजही थोडी आहे.

पण आज त्या उन्हात मला बेथानीचं ते घर दिसलं. पाहुणे बसलेत, चुलीवर भाकरी फुगतेय, आणि मरीया उठून उभी राहिलीय. पदर खोचलाय तिनं. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी आहे, दोन्ही हात चौकटीला लावून, तिला आत येऊ देत नाही. माय, ती केव्हाची उठली होती. मीच बसवत होते तिला, आणि वर ती नुसती बसते म्हणून तक्रारही मीच करत होते. तू माझं माप काढत नव्हतीस. तू मला दारातून बाजूला हो म्हणत होतीस. हो ना?

तुझं उत्तर तू देणार नाहीस, नियमच आहे. माझं मी देते.

चिठ्ठ्या करून झाल्यात. यावेळी सहा केल्या. तिसरा प्रश्न तुझा आहे, तुझ्याच शब्दांत, सुधारून लिहिलेला नाही. जोसेफकाकांचे डोळे गेलेत, त्यांना मी वाचून दाखवेन. उद्याची संगत आटोपली की सौंसरच्या बसमध्ये बसेन आणि सहावी चिठ्ठी विमलच्या हातात देईन. तीन वर्षं उशिरा का होईना, देईन. कागद पुरला होता, तेही सांगेन.

ती काय म्हणेल ते माहीत नाही. दारातूनच परत धाडलं तर पायरीवर बसेन. पण आत घेतलं, आणि म्हणाली, बस ताई, मी वाढते, तर मी बसेन, माय. हात मांडीवर ठेवून बसेन. ती वरण करेल. मीठ विसरली तरी उठणार नाही, मागणारही नाही. वचन देते तुला.

तुझी लिहिणारी,
कुसुम