वीराचा चोळणा

१४ मार्च, धुळवड

ट्रॅकपँट घालून निघाला आमचा वीर! डोक्याला मुंडासं, हातात देवाचा टाक, आणि खाली निळ्या पट्टीची ट्रॅकपँट. अख्खी सांगवी हसली. नातवाला, अविराजला म्हटलं, “मेल्या, देव हाय त्यो, पोलीसभरती न्हाय.”

“मग चोळणा दे की आजी! तुझ्या दिरानं पळवला, त्याला मी काय करू?”

लढाईत पडलेल्या पूर्वजाच्या नावानं आमच्या घरातनं वीर निघतो. त्याचा चोळणा सेहेचाळीस वर्षांपूर्वी गेला. शेवटचा दत्तोबा भावजींनी घातलेला, म्हणून मालकांनी त्यांनाच चोर ठरवून घराबाहेर काढलं. इंदापूरला गेले ते गेले. मालकांच्या मातीलाही त्यांना कुणी कळवलं नाही.

१६ मार्च

नात प्रतिक्षा बारामतीच्या कॉलेजात जुन्या काळच्या पुरुषांच्या पेहरावावर लिहितेय. म्हणे आधी सगळे धोतरवाले. मग घोड्यावर बसायला सुरवार आली, चोळणा आला – मांडीला ढगळ, गुडघ्याखाली आवळ, नाडीनं बांधायचा. “आजी, आपला कसा होता?”

मला काय ठाऊक! बायकांनी वीराच्या कपड्याला हात लावायचा नाही. बघायचं तेही लांबनं.

चारशे वर्षांचा होता म्हणतात. एवढं कापड टिकतं होय! जुन्याच्या मापानं नवा बेतत आले असतील.

१८ मार्च

गोधड्या धुवायला काढल्या. कंबर गेली.

१९ मार्च

माझा थोरला, महिपती, पोटात असताना शिवलेली गोधडी पार विरलेली. उसवली. आतल्या थरातले तुकडे प्रतिक्षानं अंगणात जुळवले आणि मला हाक मारली. मांडीला ढगळ. गुडघ्याखाली आवळ.

टाका माझाच. सासूबाईंच्या गाठोड्यातलं हाताला लागलं ते फाडत गेले होते. त्यात चोळणा कुणी कोंबला, देव जाणे. ओळखणार कशी? कधी जवळनं बघू दिला होता का!

अविराज म्हणाला, “परत शिवून टाक आत. कोण इचारतंय?”

“गप. माणूस घराबाहेर काढलाय ह्याच्यापायी.”

उद्या इंदापूरला जाणार. थुंकले तोंडावर तर थुंकू देत.

२० मार्च

एसटीनं गेले. भावजी बाजेवर, फार वाळलेत. तुकडे पुढ्यात ठेवले. बघितलंही नाही त्यांनी.

“ठाव हाय, वैनी. महिपतीला गुंडाळलं व्हतं, तवा गोधडीतनं नाडी लोंबत व्हती. मीच आत खोचली.”

“आन् बोलला न्हाय?”

“दादाचा हात लई वाईट. तुमी बाळंतीण.”

परवा भावकी बोलावलीय. चोळणा कुणी नेला, ह्याचं उत्तर मी देणार. भावजींना कुणी एक अक्षर विचारायचं नाही!