तीन पायऱ्यांचं व्याकरण

प्रिय ताईस,

"तू ये तर, आम्ही उचलून घेऊ," असं तू काल फोनवर पुन्हा म्हणालीस. तुमच्या फाटकापर्यंत व्हीलचेअर मी स्वतः आणतो, म्हणजे तिथवर कर्ता मीच. पुढच्या तीन पायऱ्यांवर भाऊजी आणि शेजारी मला खुर्चीसकट उचलतात आणि माझं कर्म होतं. वर पोहोचल्यावर भाऊजी कौतुकाने म्हणतात, "हलका झालास रे." जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला हा कर्मणी प्रयोग सोसत नाही.

दोन वर्षं तुझ्याकडे न येण्याचं कारण म्हणून मी कंबरदुखी सांगितली, ती खोटी होती. दारात उतरती फळी टाकलीस, तर रविवारी येईन.

लिहून झाल्यावर वाटतंय, एवढं बोलताही येईल. तेव्हा पत्र टाकत नाही, फोनच करतो.

तुझा,
लाजणं पुरे झालेला धाकटा