किल्ला लढवणाऱ्या बाईचा शेवट

४ फेब्रुवारी १९७९, रविवार
इथे आखातात रविवार कामाचा, पण आज सित्र्याच्या ऑफिसला नाही. आमच्या जपानी साहेबांनी, इशिदासाहेबांनी, टाइपरायटरसकट घरी बोलावलं. जपानहून आलेल्या त्यांच्या आईला घराण्यातल्या एका पूर्वज बाईची हकिकत इंग्रजीत हवी आहे. नातवंडांना जपानी वाचता येत नाही. आजी तोडकंमोडकं इंग्रजी बोलतात, वाचता अजिबात येत नाही. नवरा लढाईत पडल्यावर त्या बाईनं लांब दांड्याचं पातं घेऊन किल्ल्याचं दार अकरा दिवस राखलं. वय तेवीस. माझंच.

६ फेब्रु.
किल्ल्यातलं पाणी संपलं. बायका शिसं वितळवून गोळ्या ओतत होत्या. आजींनी वार करून दाखवताना चहा सांडला. "यू फाइट?" म्हटलं, मी झुरळाला भिते. खूप हसल्या.

८ फेब्रु.
शेवट सांगितला. दार पडलं तेव्हा तिनं केस विंचरले आणि आत जाऊन स्वतःचा जीव घेतला. आजी ताठ बसून सांगत होत्या. मी टाइप केलं: दारात लढताना पडली. हात थांबलेच नाहीत.
माझ्या थोरल्या फेलूताईनं विहिरीत जीव दिला, तेव्हा पप्पांनी आम्हा भावंडांना ओळीत बसवून पाठ करून घेतलं होतं. पाय घसरला म्हणायचं. नाहीतर चर्चच्या जागेत पुरू देणार नाहीत. बाराखडीही त्यांनी अशीच ओळीत बसवून शिकवली.

९ फेब्रु., शुक्र.
चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेनंतर कन्फेशन. फादर आपल्याकडचेच. म्हणाले, "पोरी, त्या बाईचं देव बघेल. तू खोटं का लिहिलंस?" ताईचं नाव ओठांपर्यंत आलं. गिळलं. अर्धं कन्फेशन धरतात का?

११ फेब्रु.
आजींना वाचून दाखवलं. शेवट तोंडानं खरा वाचला, कागदावर नसलेला. "गुड." त्यांनी स्वतःच्या नावाचा लाल शिक्का खाली दाबला, फुंकर घालून वाळवला. जपानी माणसाचा शिक्का म्हणजे सही. माझ्या खोट्याखाली त्यांची सही.

१३ फेब्रु.
उद्या आजी जाणार. खरं पान टाइप करून नेलं. त्यावर पुन्हा शिक्का मागायचा तर कारण सांगायला हवं, आणि कारण म्हणजे...
आजी बॅग भरत होत्या. "व्हॉट?"
"आय हॅड अ सिस्टर," म्हटलं.
त्यांनी कपडे सरकवून पलंगावर जागा केली. मी शेजारी बसले. पुढचं वाक्य मी मराठीतसुद्धा कधी बोलले नाही. साहेब डोकावले, "यल्ला, चला, हकिकतीचं पाकीट झालं का बंद?" मी उठले. पान पर्समध्येच.
विमान सकाळी दहाला. सातला त्यांच्याकडे जाईन. बेल तरी वाजवीन.