पिवळ्या गोळ्या

प्रिय मुबीना,

नाही बाप्पा, तुह्या रस्स्यात तिखट जास्त नव्हतं, अन् तुह्यावर रागावलीही नाही मी. तुह्या नातीच्या, नाजिशच्या लग्नात माह्यासाठी तू वेगळ्या चुलीवर वांगे केले, अन् मी दोन घास खाऊन उठली, म्हणून मलकापुरात तोंड फुगवून बसली म्हणे तू. फुगव. फुगवल्यावरच जरा बरी दिसते तू.

खरं कारण हे, का माहं तोंड जळत होतं. ओठाचे दोन्ही कोन चिरलेले, जीभ जांभळ खाल्ल्यावानी, ऊन डोळ्याले सोसे ना. साधं पाणी प्यालं तरी आग. तुह्या मांडवात मी पदर तोंडावर धरून बसली, बाया समजल्या म्हातारी लाजून राह्यली! पोराले, गणेशले सांगितलं नाही, सुनेलेही नाही. कोणतं भेव होतं ते तुले सांगाले नको. आमच्या मालकाच्या, पंजाबरावच्या गालात पहिल्यांदा पांढरं दिसलं, तेव्हा मी हासली होती. म्हटलं, चुना चिकटला, पुसा जरा. सहा महिन्यानं त्यायले पेजही गिळता येत नव्हती. त्यायच्या तेरवीच्या दिवशी माही भाजक्या तंबाखूची डबी मी तुह्या समोर विहिरीत फेकली. तू मले पोटाशी धरून केवढी रडली.

तर शेवटी सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीण म्हणजे कालची पोरगी. जीभ पाहून म्हणे, आजी, तुम्हाले बी-दोन जीवनसत्त्व कमी पडलं, रायबोफ्लेविन. मले वाटलं कोणाच्या इंग्रज जावयाचं नाव सांगते. दूध, दही, अंडे, पालेभाजी, यातून मिळते म्हणे. काय खाता, विचारलं. सकाळी काळा चहा, दुपारी भाकर-ठेचा, संध्याकाळी बदल म्हणून ठेचा-भाकर, मी सांगितलं. पोरगी हासली, मंग हासता हासता माह्या कागदावर लिहाले लागली.

तुले आठवते ना, आपण शाळेतून आल्यावर माही माय लोटाभर ताक द्यायची? तेव्हा वावरात ज्वारी होती, ज्वारीचा कडबा होता, म्हणून दारात म्हैस होती. बीटीचं बियाणं आलं अन् गणेशनं पार घराच्या भिंतीपर्यंत कपाशी लावली. कडबा सरला, म्हैस गेली. धुऱ्यावरचा तांदूळजा अन् घोळ भाजीले तोडून आणत होतो, तिथं आता तणनाशक मारते. बोंडअळी मेली म्हणून आम्ही गावभर पेढे वाटले. घरातलं ताक कधी गेलं, ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

डॉक्टरीणनं पिवळ्या गोळ्या देल्ल्या. तिसऱ्या दिवशी पाहतो त लघवी पिवळी धमक, हळदीच्या पाण्यासारखी! म्हटलं, तोंडाचं राह्यलं बाजूले, कावीळच नेते आता. पळतच दवाखान्यात गेली. ती म्हणे, आजी, अंगाले लागते तेवढं राहते, बाकीचं निंघून जाते, तो गोळीचाच रंग आहे. रोज एवढा सरकारी माल वाया चालला, याचं दोन दिवस वाईट वाटलं मले.

आता ओठ भरले, जीभ निवली, परवा ठेचा खाल्ला. सुनेनं शेजारून अर्धा शेर दूध लावलं. तुह्या कोंबड्याईचे अंडे धाडत जाय, मी खाईन, फक्त गणेशसमोर नाव काढू नको.

भेव गेलं म्हणून लिहून राह्यली, असं वाटलं असल तुले. नाही मुबीना. विहिरीत फेकली ती डबी रिकामी होती. तंबाखू दुसऱ्या डबीत आहे, रिकाम्या कणगीमागं, अन् मी अजून रोज दाताले घासतो. डॉक्टरीणनं तोंड उघडाले लावलं, तेव्हा मी ओठ दाखवले, जीभ दाखवली अन् मिटून घेतलं. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. दीड महिना गोळ्या खाल्ल्या, बाकी सारं गेलं, तो गेला नाही. सोमवारी माह्यासंग बुलढाण्याले चाल, मोठ्या डॉक्टरले दाखवू. एकटीनं जायची हिंमत नाही माही. रोज पदरानं पुसून पाहतो. निंघत नाही.

तुहीच,
भिमा